अडलेल्या हरीचा भाव

उद्योजकतेवरच्या आजच्या पुस्तकांतून आणि भाषणांतून एक सल्ला हमखास मिळतो: लोकांच्या अडचणींकडे नीट पाहा, रोजची बातमी धंद्याच्या नजरेने वाचा, जिथे कुणाचे काही अडले आहे तिथेच तुमची संधी आहे. हा काही आधुनिक व्यवस्थापनशास्त्राचा शोध नाही. पाली जातकसंग्रहातली चौथी कथा, चुल्लकसेट्ठी जातक, हेच सांगते. वाराणसीचा एक श्रेष्ठी राजाकडे जाताना रस्त्यात मेलेला उंदीर पाहतो आणि म्हणतो की, एखाद्या हुशार तरुणाने हा उचलला तर एवढ्या भांडवलावर तो संसार उभा करील. एक गरीब तरुण ते ऐकतो. उंदीर कुणाच्या तरी मांजरासाठी विकतो, आलेल्या पैशाचा गूळ घेतो, रानातून थकून परतणाऱ्या फुलवाल्यांना गूळपाणी देतो आणि बदल्यात फुले मिळवतो. एकदा वादळात राजाच्या बागेत फांद्यांचा खच पडतो आणि तो हलवायचा कसा हे माळ्याला कळत नाही. तरुण खेळणाऱ्या मुलांना गूळ वाटून सगळा पालापाचोळा बाहेर काढवतो आणि राजाच्या कुंभाराला सरपण म्हणून विकतो. पुढे वेशीवर गवत कापणाऱ्या पाचशे जणांना पाणी पाजून तो त्यांना आपलेसे करतो. उद्या एक सौदागर पाचशे घोडे घेऊन येणार ही बातमी लागताच प्रत्येकाकडून गवताची एकेक पेंढी मागून घेतो आणि माझे गवत खपेपर्यंत तुमचे विकू नका, असे वचन घेतो. सौदागराला गावभर दुसरे गवत मिळत नाही. तो हजार नाणी मोजतो. मग बंदरात मोठे जहाज लागल्याची बातमी येते. तरुण मुद्रेची अंगठी विसार म्हणून ठेवून सगळा माल अडवतो, मागाहून आलेल्या शंभर व्यापाऱ्यांकडून त्यावर पैसे घेतो आणि दोन लाखांचा धनी होतो. शेवटी श्रेष्ठी त्याला जावई करून घेतो.

कथा या साऱ्या व्यवहारांची सारखीच तारीफ करते. तो श्रेष्ठी पूर्वजन्मीचा बुद्ध, म्हणजे बोधिसत्त्वच असल्यामुळे या तारिफेला धर्माची मोहरही लागते. पण व्यवहार एकेक करून तपासले तर ते एका जातीचे नाहीत. बागेतला सौदा संपला तेव्हा माळ्याची बाग साफ झालेली होती, कुंभाराला सरपण मिळाले होते, मुलांच्या हाती गूळ होता. त्यात जो जो आला तो आधीपेक्षा बरा होऊन बाहेर पडला, आणि तरुणाला मिळालेले पैसे त्या सगळ्यांची गाठ घालून देण्याचे होते. गवताच्या सौद्यात असे काहीच घडले नाही. गवत होते तेवढेच राहिले, घोडेही तेवढेच. हा तरुण मध्ये आला नसता तर सौदागराने रोजच्या भावाने पाचशे जणांकडून गवत घेतले असते. म्हणजे ज्या टंचाईवर उतारा म्हणून त्याने गवत विकले ती टंचाई त्यानेच घडवली होती. दोन्ही ठिकाणी चातुर्य तेच, बातमी वेळेवर हेरणारी नजर तीच. तरीही एका सौद्याला आपण मनापासून दाद देतो आणि दुसऱ्याला देताना मन कचरते. हा कचरणारा भाग केवळ भावनेचा आहे की त्यामागे काही तत्त्व आहे, असा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की, तत्त्व आहे आणि ते बरेच काटेकोरपणे मांडता येते. व्यापाऱ्याने आपले श्रम, आपले कौशल्य आणि आपण पत्करलेली जोखीम विकावी. समोरच्याची अडचण विकू नये, कारण ती व्यापाऱ्याच्या मालकीची नाही.

या तत्त्वावर पहिला आक्षेप विरक्तांकडून येईल. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून ज्याच्या मनात आधी नफ्याचा विचार येतो त्याचे मन मुळातच मलिन आहे, मग चांगला नफा आणि वाईट नफा असा भेद कशाला, असे ते म्हणतील. आपल्या परंपरेत या आक्षेपाला वजन आहे, पण त्याचे उत्तरही याच परंपरेने दिले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी भेटतो. तो इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पाखरांनी घरटे केले, अंडी घातली, पिले वाढून उडून गेली. आपल्याइतका धर्म कुणी साधला नाही असे त्याला वाटू लागले, तेव्हा आकाशवाणी झाली की, वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. तुलाधार हा सुगंधी द्रव्ये, वनस्पती, लाख असा माल विकणारा दुकानदार. जाजली त्याच्याकडे जातो आणि तराजू धरणाऱ्या माणसाकडून धर्म ऐकतो. तुलाधार दुकान सोडून वनात जा असे सांगत नाही. आपला तराजू सगळ्यांसाठी सारखा आहे, आपण कपटाने विकत नाही, आपल्यामुळे कुणा जिवाला भय वाटू नये अशा रीतीने आपण जगतो, हेच त्याच्या सांगण्याचे सार आहे. महाभारतकाराने तपस्व्याला वाण्याचा शिष्य केले, यात व्यापाराला दिलेली मोठी मान्यता आहे. पण ती विनाअट नाही. ती तराजूला आहे, गल्ल्याला नाही. समोरचा अडला आहे हे पाहून ज्याच्या तराजूचा काटा हलत नाही, त्याच्याच दुकानात जाजलीला धर्म सापडतो.

मग अडलेल्याशी व्यवहार करताना काटा नेमका कधी हलतो? याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उत्तर तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने दिले आहे. एखादी वस्तू देऊन टाकल्याने विकणाऱ्याचे खरोखर नुकसान होत असेल, तर त्या नुकसानीची भरपाई तो किमतीत धरू शकतो, असे तो म्हणतो. पण विकणाऱ्याचे काहीच नुकसान नाही आणि केवळ घेणाऱ्याची गरज मोठी आहे, तर त्या गरजेपोटी भाव चढवणे अन्यायाचे आहे. त्याचे कारण त्याने मोजक्या शब्दांत दिले: तो वाढीव लाभ विकणाऱ्याकडून आलेला नसतो, घेणाऱ्याच्या परिस्थितीतून आलेला असतो, आणि जे आपले नाही ते कुणी विकू नये. घेणाऱ्याने खुशीने चार पैसे जास्त दिले तर तो त्याचा मोठेपणा. ते मागण्याचा हक्क मात्र विकणाऱ्याला नाही. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण आपण सहसा अडलेल्याची लाचारी दाखवायला वापरतो. अक्वायनसच्या बाजूने पाहिले की तिचा रोख फिरतो आणि प्रश्न पाय धरून घेणाऱ्याला विचारला जातो: तू आपल्या पायांचा मोबदला घेतो आहेस की हरीच्या अडण्याचा? जातकातल्या तरुणाने बागेत आपल्या पायांचा मोबदला घेतला, वेशीवर मात्र सौदागराच्या अडण्याचा. कौटिल्याचा मार्ग प्रशासकाचा होता, पण त्याची दिशा हीच होती. त्याने व्यापाऱ्याच्या नफ्याला देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा अशी मर्यादा घातली, आणि संगनमताने माल अडवून भाव फिरवणाऱ्यांना हजार पणांचा दंड सांगितला. परदेशी मालावर नफा दुप्पट, कारण तिथे अंतर आणि जोखीम जास्त. गिऱ्हाईक किती नडलेले आहे, याला त्या हिशेबात जागा नाही. इस्लामी धर्मशास्त्रातही टंचाईची वाट पाहत धान्य दाबून ठेवणे पाप ठरवले आहे. इतक्या वेगवेगळ्या मुळांची माणसे एकाच ठिकाणी पोचतात तेव्हा तो योगायोग मानणे अवघड होते.

इथवर प्रश्न वस्तूचा होता. बातमीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण बातमी कळणे हेही एक कौशल्य आहे आणि त्याचा मोबदला का मिळू नये, असे विचारता येते. रोमन तत्त्वज्ञ सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात हा पेच मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, धान्य प्रचंड महाग झाले आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन पोचतो. आणखी बरीच जहाजे धान्य भरून त्याच वाटेने येताना त्याने पाहिली आहेत. ऱ्होड्सच्या लोकांना ते माहीत नाही. त्याने सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? बॅबिलोनचा तत्त्वज्ञ डायोजिनीस म्हणतो, कायद्याने सांगायला लावले आहे तेवढे सांग, खोटे बोलू नकोस, बाकी आपला माल आपल्या भावाने विक. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपॅटर म्हणतो, माणसे एकमेकांसाठी जन्माला आली आहेत, तेव्हा जे ऐकून त्यांची सुटका होईल ते त्यांच्यापासून राखून ठेवण्याचा तुला अधिकार नाही. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. जे समोरच्याला कळणे त्याच्या हिताचे आहे ते केवळ आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे म्हणजेच लपवणे, असे त्याचे म्हणणे. खुद्द अक्वायनस इथे सिसेरोपेक्षा मवाळ आहे. असा व्यापारी गप्प राहिला तर तो अन्याय करत नाही; त्याने सांगितले किंवा भाव उतरवला तर मात्र तो अधिक सद्गुणी ठरतो, एवढेच तो म्हणतो.

अशीच गोष्ट पुढे प्रत्यक्षात न्यायालयापर्यंत गेली. १८१२ मध्ये सुरू झालेल्या इंग्लंड-अमेरिका युद्धात न्यू ऑर्लिन्सची नाकेबंदी झाली होती आणि तंबाखूचा भाव कोसळला होता. १८१४ च्या डिसेंबरात घेंट इथे तह झाला. ती बातमी १८१५ च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सला पोचली. ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला ती इतरांच्या थोडी आधी कळली. त्याने भल्या सकाळी लेडलॉ यांच्या पेढीशी तंबाखूच्या खरेदीचा मोठा सौदा केला. भाव वाढण्यासारखी काही बातमी आहे का, अशी विचारणा झाली होती. तहाबद्दल तो काही बोलला नाही. बातमी फुटताच भाव तीस ते पन्नास टक्क्यांनी चढला. १८१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती मार्शल यांनी तत्त्व म्हणून सांगितले की, दोघांनाही सारखी उपलब्ध होऊ शकणारी अशी बाहेरची माहिती समोरच्याला देणे खरेदीदारावर बंधनकारक नाही. कायद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. कोणाला काय कधी कळले याचा माग काढत बसले तर एकही सौदा पक्का राहणार नाही. पण बंधनकारक नाही आणि उचित आहे ही दोन वेगळी विधाने आहेत. माझ्या मते इथे बातमीचे दोन उपयोग वेगळे करावे लागतात. ऱ्होड्समध्ये दुष्काळ आहे हे अलेक्झांड्रियात कळल्यावर ज्याने जहाज भरले त्याने बातमीचे धान्य केले. त्या शहाणपणाचा नफा त्याला मिळायलाच हवा. मागून जहाजे येत आहेत हे जाणून जो गप्प बसला त्याने मात्र बेटावर दाणाही जास्त आणला नाही. त्याच्या मौनाने पैसा भुकेल्यांच्या खिशातून त्याच्या खिशात गेला, एवढेच झाले. ऑर्गनच्या मौनानेही जगातली तंबाखू वाढली नाही. पहिल्या प्रकारची बातमी जो हेरतो तो समाजाचे डोळे होतो; दुसऱ्या प्रकारची जो वापरतो तो समोरच्याच्या अंधारावर जगतो.

आता अर्थशास्त्रज्ञाचा आक्षेप, आणि तो सर्वांत बळकट आहे. तुम्ही ज्याला अडचण विकणे म्हणता, तो चढा भाव म्हणजे एक संदेश आहे, असे तो म्हणेल. भाव चढला की दूरदूरचे लोक माल घेऊन धावतात, असलेला माल लोक जपून वापरतात, आणि त्यामुळेच टंचाई लवकर संपते. ॲडम स्मिथने धान्यव्यापारावरच्या विवेचनात म्हटले आहे की, जहाजावर शिधा कमी पडतोय हे दिसताच जो शहाणा कप्तान आधीपासून वाटा कमी करतो, त्याचेच काम भाव वाढवणारा धान्यव्यापारी नकळत करत असतो. यात तथ्य आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लांबून, खर्च सोसून आणलेल्या मालाला कालचाच भाव द्या असे जो म्हणेल तो उद्याचा माल बंद करील. पण या युक्तिवादाला दोन अटी आहेत. पहिली अशी की, भाव चढल्यामुळे पुरवठा खरोखर वाढला पाहिजे. ऱ्होड्सला येणारी जहाजे निघून चुकली होती. गप्प व्यापाऱ्याच्या भावाने त्यांची शिडे अधिक फुगणार नव्हती. दुष्काळात टँकरचा दर चढला की टँकर वाढतात हे खरे. पण ते पाणी जर त्याच तालुक्यातल्या कुणाच्या तरी विहिरीतून उपसलेले असेल, तर एकूण पाणी वाढत नाही, फक्त ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या दिशेने वळते आणि भूजल आणखी खाली जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले, तेव्हा मात्र त्या शहरात पाण्याची खरी भर पडली.

दुसरी अट अधिक मूलभूत आहे. भाव गरज मोजतो असे आपण बोलतो, पण तो फक्त खिशाचा पाठिंबा असलेली गरज मोजतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे जे विश्लेषण केले, त्याचा गाभा हाच आहे. धान्य पार संपले म्हणून लोक मेले नाहीत. शेतमजूर, मासेमार, छोटे कारागीर यांच्या मिळकतीत धान्य विकत घेण्याचे बळ उरले नाही, म्हणून मेले. त्या दुष्काळातल्या मृत्यूंची संख्या त्यांनी सुमारे तीस लाख धरली आहे. बाजार तिथे संदेश देतच होता, पण ज्यांच्याजवळ पैसे नव्हते त्यांची भूक त्या संदेशात उमटतच नव्हती. दख्खनने हा धडा त्याआधीच घेतला होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारने भावात हस्तक्षेप करायचा नाही हे तत्त्व मानले, हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालूच राहिली, आणि सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराच्या मजुरीतले धान्य दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, इतके खाली आणले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. याच टेंपल यांनी त्याआधी १८७४ मध्ये बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचवली होती आणि उधळपट्टीचा ठपका घेतला होता. दोन टंचाया, अधिकारी एकच. फरक पडला तो अडलेल्या माणसाला काय समजायचे यात. तेव्हा अर्थशास्त्रज्ञाला माझे उत्तर असे: जो भाव माल आणतो तो न्याय्य असू शकतो. जो भाव माल न आणता फक्त रांगेतल्या गरिबाला मागे ढकलतो, त्याला संदेशाची प्रतिष्ठा देता येत नाही.

यावर कुणी म्हणेल की, असा बारकाईने शोध घेतला तर कुठलाच धंदा शुद्ध राहणार नाही. वैद्य रोगावर जगतो, वकील भांडणावर, छत्रीवाला पावसावर. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने एक दाखला दिला आहे. अथेन्समध्ये डेमाडीझ या वक्त्याने अंत्यविधीचे सामान विकणाऱ्या एका माणसाला दोषी ठरवले, कारण त्याने मोठ्या नफ्याची इच्छा धरली होती आणि पुष्कळ लोक मेल्याशिवाय तो नफा शक्यच नव्हता. सेनेकाला हा न्याय मान्य नाही. याच कसोटीने पाहिले तर सगळ्याच धंद्यांची गत तीच, असे त्याचे म्हणणे. पुढे फ्रेंच निबंधकार माँतेन्यने तर एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा या विषयावर याच दाखल्यावरून छोटा निबंध लिहिला. सेनेकाचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यातून सगळे धंदे सारखेच असा निष्कर्ष निघत नाही. कुणाच्या अडचणीतून आपली मिळकत होणे वेगळे आणि ती अडचण टिकण्यात आपला स्वार्थ गुंतवणे वेगळे. डेमाडीझने मनातली इच्छा तपासली. ती तपासता येत नाही. कृती मात्र तपासता येते: ही अडचण कायमची संपवण्याची वाट सापडली, तर हा माणूस ती दाखवील की दडवील? मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो, तो मरण झाले म्हणून कमावणारा नसतो. मरणाच्या घरचा गोंधळ भावात धरणारा असतो.

या कसोटीचे उजळ उदाहरण मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय. डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये ते अकरा खाटांवर सुरू केले. मोतीबिंदूने अंधत्व येणे ही भारतातली रोजची, म्हणून कुणालाच बातमी न वाटणारी अडचण होती. त्यांनी शस्त्रक्रियेची पद्धत इतकी शिस्तबद्ध केली की पैसे देणाऱ्या रुग्णांच्या मिळकतीतून न देऊ शकणाऱ्या मोठ्या संख्येचा खर्च निघू लागला. डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग महाग होते; १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू करून ते इथेच, परदेशी किमतीच्या छोट्या अंशात बनवले गेले. ज्याचा स्वार्थ अंधत्व टिकण्यात असता त्याने भिंग स्वस्त केले नसते. उलट दिशेचे उदाहरण सूक्ष्मवित्ताचे आहे. गरीब बाईला सावकाराच्या दारात जावे लागते, तिला तारणाशिवाय छोटे कर्ज मिळावे, हा शोध खऱ्या अडचणीतून आला होता. पण आंध्र प्रदेशात कंपन्यांची वाढ कर्जांच्या संख्येवर मोजली जाऊ लागली आणि एकाच घराला अनेकांकडून कर्ज देणे सोयीचे झाले. शेवटी २०१० च्या ऑक्टोबरात राज्य सरकारला या कंपन्यांना आवर घालणारा अध्यादेश काढावा लागला. संधी ओळखण्यात इथे चूक नव्हती, आरंभीचा हेतूही वाईट नव्हता. अडचण संपल्यावर थांबायचे कुठे, याचे उत्तर त्या धंद्याच्या हिशेबात लिहिलेलेच नव्हते.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा. हे सगळे साधुसंतांना ठीक, पण ज्याला दुकान चालवायचे आहे त्याने असे वागले तर त्याचे दिवाळे निघेल. आपल्याकडे हा आक्षेप तुकारामांच्या नावावर उभा राहतो. वाण्याच्या घरातला हा माणूस दुष्काळात होरपळला आणि परंपरा सांगते की, त्याने आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. नीती अशी असेल तर ती व्यापाराचा अंत आहे, असे वाटणे साहजिक आहे. पण तुकारामांनी केले ते दान होते. न्याय त्याच्या बराच अलीकडे सुरू होतो आणि त्याला दिवाळखोरी लागत नाही. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती पुढे लिज्जत झाली. घर सोडून कामाला जाता येत नाही, अक्षरओळख बेताची, पण हाताला पापडाची सवय, ही त्या चाळीतल्या बायकांची अडचण होती. ती विकली गेली नाही. तिच्यातून काम निर्माण झाले, आणि लाटणारीच मालकीण असल्यामुळे नफाही अडलेल्या माणसाकडेच परत आला. दुकान बुडाले नाही. ते देशभर गेले.

तेव्हा संधी शोधण्याचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. बुद्धानेही दुकानदाराला लागणाऱ्या गुणांत डोळसपणा पहिला सांगितला आहे: कुठली वस्तू केवढ्याला घेतली, केवढ्याला विकली तर किती सुटेल, हे दिसले पाहिजे. पण त्याच परंपरेत उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये असेही सांगितले आहे. म्हणजे डोळा असणे पुरेसे नव्हते, तो कुठून वळवायचा हेही शिकवावे लागले. आजच्या बातम्यांच्या जगात वर्ज्य वस्तूंची यादी पुरणार नाही, कारण तोच मास्क एका दिवशी साधा कापडाचा तुकडा असतो आणि दुसऱ्या दिवशी जीव. २०२० च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक ठरवले आणि आठवडाभरात त्यांच्या कमाल किमती बांधून दिल्या. दोनशे मिलिलिटर सॅनिटायझरला शंभर रुपये. नियम आला, पण टंचाईची बातमी त्याच्या आधी आली होती, आणि मधल्या दिवसांत भाव ठरवणारा दुकानदार आपल्या विवेकाशिवाय कुणालाच बांधील नव्हता. असे मधले दिवस प्रत्येक संकटात येतात, कारण कायदा नेहमी बातमीच्या मागून पोचतो. त्या दिवसांसाठी उद्योजकाला एक प्रश्न शिकवायला हवा: मी माझे काय विकतो आहे आणि समोरच्याचे काय? श्रम, जोखीम, कौशल्य, लांबून आणलेला माल, हे सगळे वजा केल्यावर किमतीत जे उरते ते केवळ समोरच्याच्या अडण्याचे असेल, तर ते घेण्याचा त्याला हक्क नाही, बाजार कितीही द्यायला तयार असो.